नांवें पुसलेल्या एंजिनांचा चित्रसंग्रह

जुनीं नाणीं, टपालाचीं तिकिटें, ताम्रपट, जुनीं शस्त्रें यांचा संग्रह करणारीं माणसें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. अशा संग्राहकांकडे लोक थोड्या कौतुकानें आणि थोड्या विनोदानें पाहातात. परंतु नाण्यावरून राजाचा काळ ठरतो आणि ताम्रपटावरून गांवाचा इतिहास कळतो, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे विनोद मागें पडतो व कौतुक तेवढें राहातें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशाच जातीचा एक छंद गेल्या साठ-सत्तर वर्षांत वाढीस लागला आहे. तेथील कांहीं माणसें आगगाडीच्या डीझेल एंजिनांचीं छायाचित्रें घेतात, विकत घेतात, एकमेकांस देतात आणि पेट्यांत ओळीनें लावून ठेवितात. त्यांतहि ज्या रेल्वे कंपन्या दुसऱ्या कंपन्यांत विलीन होऊन नाहींशा झाल्या, त्यांच्या एंजिनांवर या मंडळींचा जीव विशेष असतो. लोखंडाच्या एका पेटीचें चित्र इतक्या निष्ठेनें कां जपावें, आणि जपावयाचेंच तर तें कसें जपावें, याचा विचार प्रस्तुत भाषणांत केला आहे.

हा छंद समजण्यासाठीं अमेरिकन रेल्वेची घडण प्रथम पाहिली पाहिजे. भारतांत बहुतेक सर्व रेल्वे सरकारच्या मालकीची आहे. अमेरिकेंत मालवाहतुकीच्या मोठ्या रेल्वे मुख्यतः खासगी कंपन्यांच्या हातीं आहेत. लांब पल्ल्याची उतारूंची वाहतूक १९७१ सालीं ‘अ‍ॅमट्रॅक’ या सरकारी आधाराच्या संस्थेकडे गेली. पण बहुतेक रूळ, मालगाड्या आणि त्यांचीं एंजिनें हीं कंपन्यांचींच राहिलीं. प्रत्येक कंपनीचें नांव निराळें, मुद्रा निराळी आणि रंग निराळा. सान्ता फे कंपनीच्या नामांकित उतारू गाड्यांचीं डीझेल एंजिनें रुपेरी अंगाचीं व लाल तोंडाचीं असत. ही रंगयोजना १९३७ सालीं जनरल मोटर्सच्या एका चित्रकारानें तयार केली. सदर्न पॅसिफिकचा रंग करडा व तोंड तांबडें, युनियन पॅसिफिकचा पिवळा, ग्रेट नॉर्दर्नचा नारिंगी व गर्द हिरवा, आणि पेन्सिल्व्हेनिया कंपनीचा तर इतका काळपट हिरवा कीं दुरून तो काळाच भासे. रुळांच्या कडेला राहाणाऱ्या शेतकऱ्याला गाडी कोणाची हें वाचावें लागत नसे. तें रंगावरूनच कळे.

वाफेच्या युगांत कंपन्यांमधील हा भेद रंगापुरताच नव्हता. मोठ्या कंपन्या एंजिनें आपल्या गरजेप्रमाणें आंखून घेत. पेन्सिल्व्हेनिया कंपनी तर आल्टूना येथील स्वतःच्या कारखान्यांत तीं बांधीत असे. डीझेल एंजिनानें ही रीत मोडली. १९३९ सालीं जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह शाखेनें चार भागांचें, ५४०० अश्वशक्तीचें, १०३ क्रमांकाचें नमुन्याचें एंजिन देशभर फिरविण्यास सुरुवात केली. वीस रेल्वेंवर मिळून सुमारें ८३ हजार मैल धांवून त्यानें आपली योग्यता पटविली. पुढील वीस-बावीस वर्षांत मोठ्या रेल्वेंवरून वाफेचीं एंजिनें जवळजवळ नाहींशीं झालीं.

डीझेल एंजिन हें कारखान्यांत ठरीव नमुन्यानें तयार होणारें यंत्र. शिकागोजवळच्या ला ग्रेंज येथें बनलेलें ‘जी. पी. ९’ जातीचें एंजिन एका कंपनीनें घेतलें काय किंवा दुसरीनें घेतलें काय, सांगाडा तोच आणि यंत्र तेंच. कंपनीची ओळख उरली ती रंगांत, अक्षरांत, क्रमांकांत, आणि घंटा, भोंगा, दिवे अशा किरकोळ जोडांत. म्हणून रंग खरवडला कीं ओळख गेली. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

आरंभीं या यंत्राचें कौतुक रसिकांना नव्हतें. वाफेचें एंजिन श्वास घेतें, धांवतांना त्याचे हातपाय हलतात. डीझेल म्हणजे चाकांवरची निव्वळ पेटी, असें रसिक म्हणत. १९५५ ते १९६० या काळांत ओ. विन्स्टन लिंक या छायाचित्रकारानें नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवरील शेवटचीं वाफेचीं एंजिनें रात्रीच्या अंधारांत दिव्यांच्या झगझगाटांत टिपलीं आणि त्या चित्रांनीं तो विख्यात झाला. सर्वांची दृष्टि जाणाऱ्याकडे लागली होती. येणाऱ्याकडे थोडेच लोक पाहात होते. पण यंत्राच्या जगांत नवें फार लौकर जुनें होतें. बाल्डविन कारखान्यानें १९५६ सालीं एंजिनें बांधणें सोडलें, आणि स्केनेक्टडी येथील ‘आल्को’ कारखान्यानें १९६९ सालीं. त्यांच्या हातचीं एंजिनें एकामागून एक भंगारांत निघूं लागलीं, तेव्हां कांहीं जाणत्या लोकांस कळलें कीं डीझेललाहि पिढ्या असतात आणि त्याची पहिली पिढी चित्रें न घेतांच चालली आहे. १९६७ सालीं डीझेल एंजिनांच्या जाती ओळखण्याचें ‘डीझेल स्पॉटर्स गाइड’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. पक्ष्यांच्या अभ्यासकाला जसें पक्ष्यांचें पुस्तक, तसें हें या मंडळींच्या हातचें पुस्तक झालें.

याच सुमारास विलीनीकरणाची लाट आली. १९५६ सालच्या कायद्यानें अमेरिकेंत विस्तीर्ण महामार्ग बांधले जाऊं लागले. माल ट्रकांनीं जाऊं लागला आणि उतारू विमानानें. एकाच दोन शहरांमध्यें तीन-तीन कंपन्यांचे रूळ समांतर पडले होते. सर्वांचा खर्च निघेना. तेव्हां दोघींनीं एक व्हावें, एक रूळ ठेवावा व दुसरा काढावा, हा मार्ग कंपन्यांस दिसूं लागला. १९६८ सालच्या फेब्रुवारींत पेन्सिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल या हाडवैरी कंपन्या एकत्र येऊन ‘पेन सेंट्रल’ झाली. ती १९७० सालच्या जूनमध्यें दिवाळ्यांत निघाली. त्याच वर्षीं मार्चमध्यें ग्रेट नॉर्दर्न, नॉर्दर्न पॅसिफिक, बर्लिंग्टन आणि स्पोकेन, पोर्टलंड अँड सिॲटल या चार मिळून ‘बर्लिंग्टन नॉर्दर्न’ निघाली. ता. १ एप्रिल १९७६ रोजीं पेन सेंट्रलसह पूर्वेकडील सहा डबघाईस आलेल्या रेल्वे एकत्र करून सरकारनें ‘कॉनरेल’ उभी केली. पुढें १९८२ सालीं मिसूरी पॅसिफिक व वेस्टर्न पॅसिफिक, १९९५ सालीं शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न, आणि १९९६ सालीं सदर्न पॅसिफिक, अशा एकेक कंपन्या युनियन पॅसिफिकच्या पोटांत गेल्या. १९९५ सालींच बर्लिंग्टन नॉर्दर्न व सान्ता फे यांचें एकत्रीकरण झालें. १९९९ सालच्या जूनमध्यें स्वतः कॉनरेलचीहि वांटणी होऊन ती नॉरफोक सदर्न आणि सी. एस. एक्स. या दोघींत विभागली गेली. संस्थानें विलीन झालीं तेव्हां जसे संस्थानी शिक्के, तिकिटें आणि निशाणें एकाएकीं इतिहासाच्या वस्तु झालीं, तसेंच येथें मुद्रांचें आणि रंगांचें झालें.

आतां विलीनीकरणाच्या दिवशीं एंजिनांचें प्रत्यक्ष काय होतें, तें पाहूं. कागदावर कंपनी एका रात्रींत नाहींशी होते. रुळांवर ती वर्षानुवर्षें रेंगाळते. पहिली अडचण क्रमांकांची. दोन्ही कंपन्यांत एकाच क्रमांकाचीं एंजिनें असतात. दोघांस एकच हुकूम गेला तर घोटाळा होईल. म्हणून प्रथम क्रमांक बदलतात. एंजिनाच्या खोलीखालीं जुन्या आंकड्यावर रंगाचा एक चौकोनी ठिगळ मारतात आणि त्यावर नवा आंकडा व नव्या कंपनीचीं आद्याक्षरें घालितात. बाकीचें सर्व अंग जुन्याच रंगाचें राहातें. संपूर्ण रंग देणें खर्चाचें काम. तें एंजिन मोठ्या दुरुस्तीस कारखान्यांत येईल तेव्हांच होतें. जें एंजिन लौकरच मोडीत काढावयाचें असेल, त्यावर तर रंगाचा खर्च कोणी करीतच नाहीं. तें जुनाच पोशाख अंगावर घेऊन भंगारखान्यांत जातें. त्यामुळें विलीनीकरणानंतर कांहीं वर्षें यार्डांत विलक्षण देखावा दिसतो. कॉनरेलच्या आरंभीच्या काळांत तिच्या निळ्या एंजिनांच्या जोडीला सहा जुन्या कंपन्यांचे रंग एका आवारांत दिसत. एकाच मालगाडीला तीन निरनिराळ्या कंपन्यांचीं एंजिनें जोडलेलीं असत.

हा मधला काळ संग्राहकांच्या दृष्टीनें सोन्याचा. जुन्या कंपनीचें नांव अजून वाचतां येतें, नवीचा आंकडा वर बसलेला आहे. एकाच चित्रांत मागचें राज्य आणि पुढचें राज्य दोन्ही दिसतात. आणि हा काळ सांगून येत नाहीं. आज उभें असलेलें एंजिन उद्यां कारखान्यांत गेलें कीं परत येईल तें दुसऱ्या रंगानें. कंपनीच्या कचेरींत जमाखर्च राहातो, नकाशे राहातात. पण रुळांवर कोणतें एंजिन कोणत्या वेषांत कोणत्या दिवशीं उभें होतें याची चित्ररूप नोंद ठेवणें हें कंपनीचें काम नव्हे. ती नोंद ठेवली ती सुट्टीच्या दिवशीं कॅमेरा घेऊन निघालेल्या हौशी माणसांनीं. तीं राहिली नसती तर हा सारा मधला काळ कोरा राहिला असता.

या संदर्भांत एक मौजेची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९८३ सालीं सान्ता फे आणि सदर्न पॅसिफिक यांच्या मूळ कंपन्या एकत्र आल्या आणि रेल्वेहि एक करण्याची परवानगी त्यांनीं सरकारी आयोगाकडे मागितली. ती मिळणारच, या भरंवशावर दोघींनीं शेंकडों एंजिनें नव्या लाल-पिवळ्या रंगानें रंगविलीं. आद्याक्षरें मात्र अर्धींच घातलीं आणि उरलेल्या अक्षरांसाठीं जागा मोकळी सोडली. १९८६ सालच्या जुलैमध्यें आयोगानें परवानगी नाकारली. ती मोकळी जागा मोकळीच राहिली. ‘एस पी एस एफ’ या अक्षरांचा अर्थ ‘इतक्या घाईनें रंगवूं नये’ असा आहे, अशी थट्टा रेल्वेच्या लोकांत सुरू झाली. न झालेल्या विलीनीकरणाचा हा रंग पुढें पुसला गेला. पण त्याचीं चित्रें संग्रहांत आहेत, आणि बांधलेली आशा कशी फसते याचा तो बोलका पुरावा आहे.

हीं चित्रें घेण्याची एक ठराविक पद्धत आहे. एंजिनाची नोंद म्हणून घेतलेल्या चित्रांत कलेची चमक दाखवावयाची नसते. एंजिन एकटें उभें असावें; सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशीं असावा; तोंड आणि एक बाजू अशीं दोन्ही दिसतील इतक्या तिरकस कोनांतून चित्र घ्यावें; चाकें, टांक्या आणि क्रमांक यांवर सावली नसावी; आणि मागें झाड किंवा खांब आडवा येऊं नये. दोन एंजिनांचीं अशीं चित्रें शेजारीं ठेविलीं म्हणजे त्यांतील लहानसहान फरक तत्काळ डोळ्यांत भरतात. कोणाच्या छपरावर पंखे किती, कोणाचा भोंगा कोठें, कोणाच्या चाकांची चौकट कोणत्या कारखान्याची, हें सर्व त्यांतून वाचतां येतें. रेल्वेची जागा खासगी असते, म्हणून जाणता छायाचित्रकार रस्त्यावरून किंवा पुलावरून चित्र घेतो, नाहीं तर परवानगी काढतो.

चित्रांच्या साहित्याचाहि येथें विचार केला पाहिजे. १९३०च्या दशकांत संग्राहक काळ्यापांढऱ्या फिल्मवर चित्रें घेत व पत्रव्यवहारानें त्यांची देवघेव करीत. १९३६ सालीं कोडाक कंपनीची ‘कोडाक्रोम’ ही रंगीत फिल्म ३५ मिलिमीटर मापांत मिळूं लागली आणि पुढें तीच या छंदाची मुख्य सामग्री झाली. तिला ऊन भरपूर लागे, परंतु रंग शुद्ध येत. कॅमेऱ्यांतून गेलेली फिल्म हीच धुतल्यावर पुठ्ठ्याच्या चौकटींत बसविलेली पारदर्शक स्लाइड होई. म्हणजे मूळ प्रत एकच. तिची नक्कल काढतां येते, पण नकलेंत तेज कमी होतें. म्हणून दूरदर्शी संग्राहक एकाच एंजिनाचीं एकसारखीं तीन-चार चित्रें लागोपाठ घेत. एक स्वतःस ठेवीत आणि बाकीचीं मूळ प्रती म्हणूनच देवघेवींत देत. ज्यानें पश्चिमेकडे कधीं पाऊल ठेवलें नाहीं त्याच्या पेटींतहि कॅलिफोर्नियाचीं एंजिनें या रीतीनें येऊन बसलीं. कोडाक्रोमचा एक गुण आणि एक दोष ध्यानांत ठेवावा. अंधारांत व कोरड्या जागीं ठेविली तर ती फार टिकते. पण पडद्यावर दाखविण्यासाठीं दिव्यापुढें वारंवार धरली तर तिचे रंग उडतात. जें अधिक दाखवावें तेंच आधीं झिजतें.

या विषयाचें खरें मर्म चित्राच्या मागच्या बाजूला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें शोधीत, हें महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८९८ सालीं निघालेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पहिल्या खंडांत त्यांनीं बखरींची कसून तपासणी केली आणि मागाहून रचलेल्या हकीकतीपेक्षां त्या त्या वेळच्या अस्सल कागदाचें मोल किती अधिक आहे हें दाखवून दिलें. मिति, स्थळ आणि लिहिणाराचें नांव असलेलें चार ओळींचें पत्र हें पाल्हाळिक बखरीला भारी पडतें. हाच नियम एंजिनाच्या चित्राला लागू आहे. स्लाइडच्या चौकटीवर पांच गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात: कंपनी, क्रमांक, एंजिनाची जात, स्थळ आणि तारीख. त्या असतील तर चित्र हा दस्तऐवज. नसतील तर तें केवळ रंगीत चित्र. कोडाकच्या कारखान्यांत धुतलेल्या कित्येक स्लाइडच्या पुठ्ठ्यावर महिना व साल छापून येत असे. तथापि तो फिल्म धुतल्याचा महिना, चित्र घेतल्याचा नव्हे. हिंवाळ्यांत धुतलेल्या स्लाइडवर उन्हाळ्याचीं हिरवीं झाडें दिसतात, तीं यामुळेंच.

तारखेचें मोल किती, हें अलीकडच्या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. कॉनरेलची वांटणी झाल्यावर नॉरफोक सदर्नच्या वांट्यास आलेल्या निळ्या एंजिनांवर ‘पी. आर. आर.’ आणि सी. एस. एक्स.च्या वांट्यास आलेल्यांवर ‘एन. वाय. सी.’ अशीं लहान अक्षरें घालण्यांत आलीं. हीं आद्याक्षरें पेन्सिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल यांचीं, म्हणजे १९६८ सालीं संपलेल्या कंपन्यांचीं. १९९९ सालीं तीं मालकीच्या कायदेशीर सोयीसाठीं पुन्हां वापरांत आलीं. दुसरें उदाहरण याहून ठळक आहे. २००५ व २००६ या सालीं युनियन पॅसिफिकनें गिळलेल्या सहा कंपन्यांच्या स्मरणार्थ सहा नवीं एंजिनें त्या त्या कंपनीच्या जुन्या रंगांची आठवण देणाऱ्या वेषांत रंगविलीं आणि विलीनीकरणाच्या सालावरूनच त्यांना क्रमांक दिले. सदर्न पॅसिफिकच्या वेषांतील एंजिनाचा क्रमांक १९९६ आहे. नॉरफोक सदर्ननें २०१२ सालीं अशींच वीस एंजिनें रंगविलीं. नॉर्थ कॅरोलिनांतील स्पेन्सर येथील संग्रहालयांत त्या वर्षींच्या जुलैमध्यें तीं सर्व एकत्र मांडलीं, तेव्हां छायाचित्रकारांची झुंबड उडाली.

हीं स्मारक-एंजिनें सुंदर आहेत आणि कंपन्यांना आपल्या पूर्वजांची आठवण झाली ही गोष्टहि चांगलीच. पण शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकाच्या हातीं तारखेवांचून असें एक चित्र पडलें, तर तो काय समजेल? १९९६ सालीं नाहींशी झालेली कंपनी तिच्याच रंगांतील एंजिनासह त्याला जिवंत दिसेल. ज्याला एंजिनांच्या जातींची पारख आहे तो मात्र फसणार नाहीं. कारण हें एंजिन ‘एस. डी. ७० ए. सी. ई.’ जातीचें आहे, आणि सदर्न पॅसिफिकच्या हयातींत ही जात जन्मासच आली नव्हती. ताम्रपट जुना आणि अक्षराचें वळण नवें असलें म्हणजे जाणता पुरुष सावध होतो, त्यांतलाच हा प्रकार. येथें कोणी फसविण्यासाठीं कांहीं केलेलें नाहीं. पण नोंद नसेल तर हौसेची वस्तुहि खोटी साक्ष देऊं लागते.

नीट नोंदलेल्या चित्रांतून केवढें कार्य होतें याचेंहि एक उदाहरण घ्यावें. सान्ता फे कंपनीनें १९७० ते १९७८ या काळांत टेक्सासमधील क्लीबर्न येथील कारखान्यांत आपल्या जुन्या, गोल तोंडाच्या ‘एफ ७’ जातीच्या एंजिनांचें सर्व आवरण काढून टाकलें आणि त्यांतून ‘सी. एफ. ७’ नांवाचीं २३३ साधीं, कामकरी एंजिनें बनविलीं. पुढें त्यांतील बरींचशीं लहान लहान रेल्वेंनीं विकत घेऊन आपापल्या रंगांत रंगविलीं. एकाच यंत्राला अशा रीतीनें दोन देह, अनेक क्रमांक आणि अनेक मालक लाभले. कारखान्याची अनुक्रम-यादी हातीं घेऊन निरनिराळ्या संग्राहकांचीं तारीखवार चित्रें ओळीनें लावलीं म्हणजे त्या यंत्राचें चरित्र उभें राहातें. एखाद्या संग्रहालयाला जुनें एंजिन मिळालें व तें मूळ वेषांत उभें करावयाचें झालें, म्हणजे पट्टा किती रुंद होता, अक्षरें कोठें होतीं आणि पिवळा रंग नेमका कोणता होता, हें सांगावयास अशींच चित्रें पुढें येतात.

या संग्रहांवर आलेलें संकट मात्र मोठें आहे. कोडाकनें २००९ सालीं कोडाक्रोम बंद केली. जगांत ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा कॅन्सस राज्यांतील पार्सन्स गांवीं होती, तिनें ता. ३० डिसेंबर २०१० नंतर नवीं रिळें घेतलीं नाहींत. त्या अखेरच्या दिवसांत आर्कन्सॉ राज्यांतला एक रेल्वे-कामगार आपलीं १५८० रिळें धुऊन नेण्यास तेथें आला होता. त्यांतील चित्रें आगगाड्यांचीं होतीं. फिल्म संपली त्याप्रमाणें ती वापरणारी पिढीहि आतां वृद्ध झाली आहे. संग्राहक निवर्तला कीं त्याच्या मुलांपुढें पेट्यांचा ढीग उभा राहातो. त्यांना त्या चित्रांतील सर्व एंजिनें सारखींच दिसतात. कांहीं संग्रह तुकड्या-तुकड्यांनीं विकले जातात, कांहीं माळ्यावर दमट हवेंत बुरसतात, आणि कांहीं कचऱ्यांत जातात. विस्कॉन्सिन राज्यांतील मॅडिसन येथें १९९७ सालीं स्थापन झालेली रेल्वे-छायाचित्रण व कला यांची संस्था, सॅक्रामेंटो येथील कॅलिफोर्नियाचें रेल्वे-संग्रहालय, १९२१ सालीं स्थापन झालेली रेल्वे व एंजिनांच्या इतिहासाची संस्था, यांनीं जतनाचें काम अंगावर घेतलें आहे. पण कोणत्याहि संस्थेला जागा थोडी आणि हात थोडे. मालकानें हयातींत लावून व नोंदवून ठेवलेला संग्रह ती आनंदानें घेईल. नांवगांव नसलेल्या हजारों स्लाइडी घेऊन ती काय करणार? चित्र घेणारा असतां जें एका मिनिटांत लिहितां आलें असतें, तें तो गेल्यावर शोधूनहि सांपडत नाहीं.

आतां चित्रें घेणें पूर्वीपेक्षां कितीतरी सोपें झालें आहे. फिल्म नको, धुणें नको. खिशांतल्या यंत्रानें दिवसांत शेंकडों चित्रें निघतात. यंत्र तारीख आपोआप लिहितें ही मोठीच सोय झाली. परंतु यंत्राचें घड्याळ चुकीचें असेल तर तारीखहि चुकते, आणि एंजिन कोणाचें, कोणत्या जातीचें व कोठें उभें होतें हें अजूनहि माणसानेंच लिहावें लागतें. शिवाय विलीनीकरण अजून संपलेलें नाहीं. २०२३ सालच्या एप्रिलमध्यें कॅनेडियन पॅसिफिक व कॅन्सस सिटी सदर्न या एक झाल्या, आणि २०२५ सालच्या जुलैमध्यें युनियन पॅसिफिकनें नॉरफोक सदर्नला आपल्यांत घेण्याचा बेत जाहीर केला. बेत जाहीर झाला कीं संग्राहक कॅमेरे उचलतात. कारण आजचा नेहमींचा रंग हा उद्यांचा दुर्मिळ रंग असतो, हें त्यांना अनुभवानें पक्कें कळून चुकलें आहे.

हा सारा विषय सातासमुद्रांपलीकडचा असला तरी महाराष्ट्राला अगदींच परका नाहीं. ता. ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं जी. आय. पी. रेल्वे ही निजाम, शिंदे व धोलपूर येथील संस्थानी रेल्वेंसह मध्य रेल्वेंत आणि बी. बी. सी. आय. रेल्वे पश्चिम रेल्वेंत विलीन झाली. एंजिनांवरचीं व डब्यांवरचीं जुनीं आद्याक्षरें पुसलीं गेलीं. पुढें १९६२ सालीं अमेरिकेंतील आल्को कारखान्याचीं ‘डब्ल्यू. डी. एम. २’ जातीचीं डीझेल एंजिनें भारतांत आलीं, आणि १९६४ सालापासून तीं वाराणशीस बनूं लागलीं. मूळ कारखान्यानें एंजिनें बांधणें सोडल्यावरहि कित्येक वर्षें त्याच्या आराखड्याचीं एंजिनें येथें तयार होत राहिलीं. पुणें व कल्याण येथील शेडांतून निघून, काळा धूर सोडीत धपापत जाणारीं तीं एंजिनें पुष्कळांच्या स्मरणांत असतील. कोणाच्या घरीं सहलीच्या किंवा लग्नाच्या वऱ्हाडाच्या जुन्या छायाचित्रांत, माणसांच्या पाठीमागें, असें एखादें एंजिन उभें असलेलें सांपडेलहि.

तसें तें सांपडल्यास करावयाचें काम लहान आहे. चित्रांतील वडील माणसांना विचारून स्थानक कोणतें, साल कोणतें, आणि क्रमांक दिसत असल्यास तो कोणता, हें मऊ पेन्सिलीनें चित्राच्या पाठीवर लिहून ठेवावें. सांगणारीं माणसें आहेत तोंवरच तें लिहितां येईल.